दुसऱ्या निरीक्षकाची सही

मे महिन्यात, भर दुपारी, लोकरीचा ओव्हरकोट आणि माकडटोपी घालून हॉलच्या फरशीवर आडवा झालेला माणूस मी आयुष्यात एकदाच पाहिला. तो माझा घरमालक होता; मी काका म्हणायचे. अंगाखाली निळी, आत जेल भरलेली गादी, छातीवर मनगटी घड्याळ, मुठीत थर्मामीटर. मी पाणी घ्यायला खोलीबाहेर आले होते, ती दारातच थबकले. काकांनी डोळे न उघडता सांगितलं, "बोलू नकोस. एक तास चाळीस मिनिटं झालीत."

मी पाणी घेतलं आणि गुपचूप आत गेले. त्या घरात सहा महिने काढल्यावर माणूस फारसे प्रश्न विचारत नाही.

गादी त्यांच्यासाठी नव्हती, भालूसाठी होती. भालू म्हणजे त्यांचा कुत्रा. पहाडातले मेंढपाळ बाळगतात त्या जातीचा, काळा, मानेभोवती आयाळ, अंगावर केसांचे दोन दोन थर आणि वजनाला माझ्याहून थोडाच कमी. काकांचा मुलगा पहाडात रस्त्याच्या कामावर होता तेव्हा त्यानं हे पिल्लू आणलं आणि मग स्वतः परदेशी गेला. दोन महिन्यांसाठी म्हणून आलेला भालू दिल्लीतल्या मयूर विहारच्या तिसऱ्या मजल्यावर सात वर्षं राहिला. काकू गेल्यानंतर त्या घरात काकांशिवाय श्वास घेणारा तो एकटाच होता. काका त्याच्याशी हिंदीत बोलायचे आणि आदरानं बोलायचे. "आइए, खाना खाइए." मी एकदा विचारलं, मराठी का नाही? तर म्हणाले, "त्याचं लहानपण हिंदीत गेलंय. आता कशाला त्रास द्यायचा?"

आदल्या उन्हाळ्यात भालू हॉलमध्ये कोसळला होता. डॉक्टरांनी वाचवला, पण बजावून सांगितलं की आणखी एकदा असं झालं तर हा उठणार नाही. मुलगा फोनवर म्हणायचा, पप्पा, पहाडात कुणाला तरी देऊन टाका. काका म्हणायचे, "या वयात मला देऊन टाकशील का कुणाला?" शेजारचे म्हणायचे, केस तरी कापा. त्यावर काका खवळायचे. ते केसच त्याला ऊन लागू देत नाहीत, हे त्यांनी डॉक्टरांकडून नीट समजून घेतलं होतं. "ऊन फार लागतंय म्हणून छत्री फेकून देतं का कोणी?" असं ते लिफ्टमध्ये एका बाईंना म्हणाले, आणि त्या बाईंनी आठ दिवस जिना वापरला.

आता तुम्ही म्हणाल, मग एसी लावायचा. एसी होता. घरात एकच होता, आणि तो माझ्या खोलीत होता. सोसायटी जुनी, तिचं वायरिंग त्याहून जुनं. दुसरा एसी लावला की अख्ख्या मजल्याचे दिवे जायचे, म्हणून सोसायटीनं दुसऱ्या एसीला लेखी नकार दिलेला. मी परभणीहून स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी नोव्हेंबरात दिल्लीला आले, तेव्हा थंडी पडली होती आणि एसीचा विचार कुणाच्याच डोक्यात नव्हता. काका फक्त महाराष्ट्रातून आलेल्या, अभ्यास करणाऱ्या मुलींनाच खोली द्यायचे, आणि घरातली सगळ्यात चांगली खोली द्यायचे. करारपत्रात एक कलम मात्र मी घालून घेतलं होतं. कुत्रा भाडेकरूच्या खोलीत येणार नाही. लहानपणी मला कुत्रा चावला होता, त्याची धास्ती मनात होती. ती खरी होती. पण एप्रिल उजाडेपर्यंत ती गेलीही होती. भालू कुणाला चावण्याइतका उत्साही नव्हताच. भीती गेली, कलम राहिलं, आणि खरं सांगायचं तर मला ते फार सोयीचं झालं होतं.

दुपारी भालू माझ्या बंद दाराशी येऊन पडायचा. दाराखाली बोटभर फट होती, तिच्यातून थंड हवा बाहेर जायची. आतून मला त्याची धाप ऐकू यायची. एकसारखी, घाईघाईची. मी कानात कापसाचे बोळे घालून राज्यघटनेची कलमं पाठ करायचे.

काकांनी मला एकदाही म्हटलं नाही की दार उघड. ते गाद्या शोधत राहिले.

काका मूळचे अकोल्याकडचे. तीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत कापड आणि अंथरुणं तपासायचं काम त्यांनी केलं होतं. सरकारी खात्यांना जाणारी घोंगडी, चादरी, गाद्या, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी टेबल डोक्यातून गेलं नव्हतं. कुठल्याही वस्तूला हात लावताना ते हाताची मागची बाजू लावायचे. चहाचा कप असो, माझं तापलेलं कपाळ असो की बसची सीट. "तळहात खोटं बोलतो," असं त्यांचं मत. "तळहाताला सवय झालेली असते."

एकदा त्यांच्याबरोबर मी सरोजिनी नगरला कुर्ते घ्यायला गेले आणि पुन्हा कधी त्यांच्याबरोबर कुठे जायचं नाही असं ठरवून परत आले. दुकानदार म्हणाला, प्योर कॉटन है. काकांनी कुर्त्याच्या आतल्या शिवणीतून एक धागा ओढला, खिशातून काडेपेटी काढली आणि भर बाजारात तो पेटवला. धागा वितळून त्याची काळी गुठळी झाली. "कॉटन की राख होती है, मोती नहीं बनते," काका शांतपणे म्हणाले. दुकानदारानं त्यांचा हात धरला, शेजारचे दोघे धावून आले. चहूकडे कपडे लटकलेले आणि मध्ये हा माणूस पेटती काडी घेऊन उभा. मला रडू यायचं बाकी होतं. काकांनी काडी विझवली, माझ्याकडे वळून विचारलं, "तुला कॉटनच हवाय ना?" आणि पुढच्या दुकानात शिरले.

पानिपतची गोष्ट ते स्वतः सांगायचे, तीही फुशारकीनं नाही, पाठ सांगावा तशी. तिथल्या एका कारखान्यात घोंगड्यांचा मोठा माल तपासायला गेले होते. मालकानं वरचे गठ्ठे उघडून दाखवले, उत्तम होते. काका म्हणाले, मधला गठ्ठा काढा. मालक म्हणाला, साहेब, सगळा डोंगर उपसावा लागेल. काका खुर्ची घेऊन बसले. संध्याकाळपर्यंत बसले, जेवले नाहीत. शेवटी मधला गठ्ठा निघाला आणि त्यातल्या घोंगड्यांतून पलीकडचा माणूस दिसत होता. "वरचं दाखवायला असतं. मधलं बघायला असतं," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की निबंधाच्या पेपरातही एकदा लिहिलं.

तर हा माणूस कुत्र्यासाठी गादी निवडत होता.

त्यासाठी एक रजिस्टर केलं होतं. प्रत्येक गादीला नमुना क्रमांक. एक नंबरला पाणी भरायची गादी होती. तिच्यावर भालू चढला आणि त्याचं एक नख रुतलं. हॉलमध्ये घोटाभर पाणी झालं आणि खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. काकांनी त्यांना दारात थांबवून आधी रजिस्टरमध्ये 'नापास' लिहिलं आणि मग फडकं घेतलं. दोन नंबरला ही जेलची निळी गादी. दुकानदार म्हणाला होता, अंगातली उष्णता शोषून घेते. काकांनी दुकानदारावर विश्वास ठेवला असता तर ते काका कसले. म्हणून ओव्हरकोट, म्हणून माकडटोपी. भालूचे केस आपल्याला नाहीत, तर निदान लोकर तरी हवी, असा त्यांचा हिशोब.

दोन तासांनी ते उठले तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता. कोट घामानं ओलाचिंब. त्यांनी थर्मामीटर वाचला, लिहिलं, आणि मग भालूला गादीवर बसवून स्वतः समोर बसून दोन दिवस दोन दोन तास बघितलं. भालू उठला नाही.

"पास," मी म्हटलं.

"अजून नाही," काका म्हणाले. "मी समोर बसलो म्हणून तो बसलाय. मी विस्तवावर बसवलं तरी बसेल तो. दुसरा निरीक्षक लागतो. ज्याला त्याचं काही पडलेलं नाही असा."

त्यांच्या प्रयोगशाळेतली ती रीत होती. प्रत्येक चाचणीला दोन सह्या. पहिल्या निरीक्षकाचा मालावर जीव बसू शकतो किंवा राग असू शकतो, म्हणून दुसऱ्यानं एकट्यानं, पहिला हजर नसताना बघायचं आणि बघितलं तेवढंच लिहायचं. चूक झाली तर खोडायचं नाही, एकच आडवी रेघ मारायची, खाली जे लिहिलं होतं ते वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी छोटी सही. हे सगळं त्यांनी मला समजावून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोन ते चार मी खुर्ची टाकून बसायचं ठरलं. ते स्वतः मुद्दाम बाहेर गेले.

आदल्या संध्याकाळी मी त्यांचं मुलाशी चाललेलं बोलणं ऐकलं होतं. ते बाल्कनीत फोनवर होते, मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. "ही गादीही चालली नाही तर मग त्या पोरीला दुसरी खोली बघायला सांगावं लागेल. करारात लिहिलंय ना, कुत्रा आत नाही. शब्द तो शब्द."

माझी पूर्वपरीक्षा साडेतीन आठवड्यांवर आली होती. त्या उन्हात, त्या दिवसांत खोली शोधत फिरायचं म्हणजे वर्ष गेलंच. मी रात्रभर तोच विचार केला.

दोन वाजता मी खुर्ची टाकली. भालू गादीवर बसला होता, माझ्याकडे बघत. दहा मिनिटं गेली. पंधरा. विसाव्या मिनिटाला तो उठला, अंग झटकलं, बाथरूममध्ये गेला आणि ओल्या फरशीवर पोट टेकून पसरला. मी गादीला हात लावला. तळहातच लावला. गरम होती. म्हणजे उष्णता शोषून घेते हे खरंच होतं, पण शोषून ठेवायची कुठे हा प्रश्न तिच्यापुढेही होताच.

मी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं, 'दोन ते चार. गादीवरून उठला नाही.' खाली सही केली. मग उरलेला वेळ माझ्या खोलीत जाऊन भूगोल वाचला.

काका आले, वाचलं, आणि मोकळे होऊन हसले. त्यांना इतकं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "पास," म्हणाले. आणि मग त्यांनी एक काम केलं जे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी बाथरूमच्या दाराला बाहेरून कडी घातली. आदल्या आठवड्यात भालूचे मागचे पाय त्या ओल्या फरशीवर घसरले होते, लंगडत होता. "आता गादी आहे. बाथरूमची गरज नाही," काका म्हणाले. मी मान हलवली.

दोन दिवसांनी ते सकाळच्या गाडीनं पानिपतला गेले, गादीसाठी जाड सुती खोळ आणायला. जेलच्या गादीवर भालूची नखं लागू नयेत म्हणून. त्या दिवशी पूर्वेचा वारा होता. असा दमट वारा असला की हॉलमधला कूलर नुसती वाफ फेकतो, हे दिल्लीत राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. मला सराव पेपर सोडवायचा होता. मी भालूचं पाणी भरलं, दार लावलं, बोळे घातले, घड्याळ लावलं.

पहिला तासभर धाप ऐकू येत होती, बोळ्यांतूनही. एकदा दारावर पंजा घासल्याचा आवाज आला. पंजा बाथरूमच्या दारावरही घासला असणार, तो नंतर ओरखड्यांवरून कळला. मी चाळिसाव्या प्रश्नावर होते. मग आवाज थांबला. मला बरं वाटलं. हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही, पण मला खरोखर बरं वाटलं, आणि उरलेले साठ प्रश्न मी अगदी एकाग्र होऊन सोडवले.

दार उघडायला गेले तर ते पुरतं उघडेना. पलीकडून भालूचं वजन होतं. मी खांद्यानं रेटलं. तो फटीला नाक लावून आडवा झाला होता. जीभ बाहेर, जांभळट. डोळे उघडे, पण माझ्याकडे बघत नव्हते. मी हाक मारली, काहीच नाही. पोट मात्र हलत होतं, अगदी वरवर.

मी पुढचे पाय धरून त्याला खोलीत ओढला. टॉवेल ओला करून त्याच्या अंगावर घातला आणि काकांना फोन लावला. ते परतीच्या बसमध्ये होते. मी फक्त "भालू..." म्हटलं. ते म्हणाले, "आधी श्वास सांग." मी सांगितला. "अंगावर काही टाकलंस का?"

"ओला टॉवेल."

"काढ. आत्ता काढ. केसांत कोंडतंय ते. पोटावर पाणी घाल. जांघेत, पंज्यांवर. बर्फ नको, साधं पाणी. पंखा लाव. झालं? मला फोनवर ऐकू येऊ दे पाणी."

मी फोन फरशीवर ठेवला आणि बादलीनं पाणी घालत राहिले. माझ्या नोट्स भिजल्या, माझं अंथरूण भिजलं. फोनमधून बसचा हॉर्न ऐकू येत होता आणि मध्ये मध्ये काकांचा आवाज, "भालूजी, सुनिए. सुनिए." तो मराठी माणूस भर बसमध्ये ओरडून कुत्र्याशी अदबीनं हिंदी बोलत होता. मग मी खिडकीतून हाक मारली तसा गेटवरचा गार्ड वर आला, आम्ही दोघांनी भालूला चादरीत घालून खाली नेलं आणि टॅक्सीनं दवाखाना गाठला. डॉक्टर मला एवढंच म्हणाले की दहा मिनिटं उशीर झाला असता तर आणायची गरज नव्हती.

काका बस अड्ड्यावरून थेट दवाखान्यात आले. हातात खोळीचं पुडकं तसंच. भालूला सलाईन लावलं होतं. काकांनी त्याच्या कानामागे हाताची मागची बाजू ठेवली, बराच वेळ ठेवली. मग बाहेर येऊन बाकावर माझ्याजवळ बसले. "तू घरात होतीस म्हणून वाचला," ते म्हणाले. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

भालूला दोन दिवस तिथेच ठेवणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी मी चहा घ्यायला खोलीबाहेर आले तर काका रजिस्टर घेऊन बसले होते. चष्मा कपाळावर, डोळे सुजलेले. समोर तो लोकरीचा ओव्हरकोट पसरलेला.

"चूक सापडली," ते म्हणाले. "मला घाम येतो. कुत्र्याला येत नाही. त्याची सगळी उष्णता जिभेतून जाते. मी त्या गादीवर घामानं थंड झालो, गादीनं नाही. तीस वर्षं नोकरी केली आणि एवढं कळलं नाही मला." त्यांनी पानावर लिहायला सुरुवात केली होती. मी उलटं वाचलं. 'पहिला निरीक्षक अपात्र.'

तिथे मी गप्प बसले असते तर गोष्ट संपली असती. त्यांनी दोष आपल्याकडे घेतलाच होता, अगदी शास्त्रशुद्ध घेतला होता. माझं नाव कुठेच नव्हतं. पण तो शब्द त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला होता, आणि मला ते बघवेना.

"काका," मी म्हटलं, "मी पूर्ण वेळ बघितलंच नव्हतं. तो वीस मिनिटांनी उठून बाथरूममध्ये गेला होता. मी खोटं लिहिलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. खालून कचऱ्याच्या गाडीचं गाणं येत होतं. ते ओरडतील, सामान बाहेर काढ म्हणतील, याची मी वाट बघत होते. तसं झालं असतं तर फार सोपं गेलं असतं.

"का?" त्यांनी विचारलं.

"खोली जाईल म्हणून. तुमचं फोनवरचं ऐकलं होतं."

त्यांनी रजिस्टर माझ्याकडे वळवलं. "एक रेघ मार. खोडू नकोस. वीस मिनिटं लिही, सही कर." मी केलं. त्यांनी स्वतःच्या 'अपात्र'वरही एक रेघ मारली, शेजारी सही केली. मग उठून कपबशा विसळल्या. रोजच्यासारखं दोघांचं जेवण केलं आणि माझं ताट झाकून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भालू घरी आला. चालत होता, पण पाय मोजून टाकल्यासारखे. काकांनी तोवर तीन नंबरचा नमुना आणून ठेवला होता. लोखंडी पायांची, जाळीची बुटकी खाट, खालून वारा खेळेल अशी. ही डॉक्टरांनीच सुचवली होती. बाथरूमचं दार सताड उघडं, खाली रबरी चटई. मला वाटलं, आता काका स्वतः बसतील. त्यांनी माझी खुर्ची लावली.

"मी?" मी विचारलं.

"चाचण्या चालू असताना दुसरा निरीक्षक बदलत नाहीत," ते म्हणाले. "धाप वाढली तर थांबव आणि मला हाक मार. मी खाली गेटवर आहे." पिशवी घेऊन ते गेले.

मी बसले. परीक्षेला सतरा दिवस होते. गणित साधं होतं. भालू खाटेवर राहिला तर खोली माझी, उतरला तर नाही. तो खाटेवर चढला, दोनदा गोल फिरला, बसला. मी मनातल्या मनात म्हणत होते, बैस रे बाबा, बैस. असं म्हणायला लाज वाटत होती, तरी म्हणत होते.

चौदा मिनिटांनी तो उतरला. बाथरूमकडे गेला नाही. माझ्या खुर्चीला वळसा घालून तो मागे गेला, माझ्या खोलीच्या दाराशी. दार बंद होतं, आत एसी चालू होता, माझ्यासाठी गार होत होता. भालूनं फटीला नाक लावलं, डोळे मिटले, आणि एक लांब श्वास घेतला.

सहा महिने मी त्या दाराच्या आत होते. बाहेरून ते कसं दिसतं हे मला माहीतच नव्हतं. दाराच्या खालच्या भागावरचा रंग एका ठिकाणी पार गेला होता. नाक टेकून टेकून, ओलसर गोल डाग पडला होता. तो एका उन्हाळ्यातला होता, माझ्या. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

रजिस्टर घेतलं. लिहिलं, 'खाटेवर चौदा मिनिटं. मग उतरला. दुसऱ्या निरीक्षकाच्या दाराशी जाऊन पडला. दार बंद होतं.' सही केली. उठले आणि दार उघडलं. भालू आत आला नाही. उंबऱ्याशी उभा राहून माझ्याकडे बघत राहिला. त्याला सहा महिन्यांचं कलम पाठ होतं. मग मला हिंदीत सांगावं लागलं, "आइए." तो आला, टेबलाखाली गेला, आणि उघड्या फरशीवर पोट टेकून झोपला.

काका आले तेव्हा मी टेबलाशी बसले होते, पाय वर घेऊन, कारण खाली जागा नव्हती. त्यांनी आधी रजिस्टर वाचलं. दारात उभं राहून वाचलं, आत पाऊल टाकलं नाही.

"म्हणजे हीही नापास," ते म्हणाले. "मग तू... परीक्षा होईपर्यंत मी काहीतरी..."

"करारपत्र आणा, काका."

त्यांनी आणलं. मी त्या कलमावर एक रेघ मारली, शेजारी सही केली आणि कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्या सहीखाली सही केली. मग प्रथमच आत आले, वाकले, भालूच्या कानामागे हाताची मागची बाजू ठेवली. एसीची हवा त्यांच्या पांढऱ्या केसांवर येत होती.

मला राहवलं नाही. "तुम्ही मला एकदा तरी म्हणायचं होतं, दार उघड म्हणून. मी उघडलं असतं."

ते सरळ झाले. "खोली मी तुला दिली होती," ते म्हणाले. "दार तुझं होतं."

आणि भालूचं पाण्याचं भांडं आत आणायला ते बाहेर गेले.